पासष्टचं वर्तुळ

१२ जानेवारी

दादा,

हा पत्ता तुझ्या जुन्या दोस्ताने दिला, तोही दाढ काढून घेतल्यासारखं तोंड करून. तू तिथे राहत नसलास तर जो कोणी हे वाचत असेल त्याने पुढे वाचू नये. कंटाळवाणं आहे. लेन्सबद्दल आहे.

मला एक कॅमेरा निवडायचाय. आपल्या स्टुडिओत होता तसला, मोठ्या फिल्मचा, भाता असलेला. काळं कापड डोक्यावर घेऊन मागे उभं राहायचं आणि दुधी काचेवर सगळं जग उलटं टांगलेलं बघायचं. आपला होता तो तू नेलास. तक्रार नाही. तिपाई ठेवून गेलास, तिच्यावर मी अकरा वर्षं ओले टॉवेल वाळत घालते.

कारण असं, की स्टुडिओ पाडणार आहेत. रस्ता रुंद होतोय. नकाशावरची तांबडी रेघ आपल्या पुढच्या खोलीतून जाते, बरोबर गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरून. मला नेमकं माहीत आहे, कारण ती रेघ मीच काढलीय. सव्वीस वर्षं नगरपालिकेत नकाशे काढतेय, इतक्यांच्या स्वयंपाकघरांतून रेघा नेल्या, आपलंच घर का म्हणून वगळायचं? तरी साहेबांना विचारून पाहिलं, इथे जरा बाहेरून नेली तर? साहेब म्हणाले, "रस्ता सरळ असतो, बाई." मी म्हटलं, मग पुढे नगरसेवकांच्या दुकानापाशी तो लाजून बाजूला का होतो? साहेबांना एकदम फोन आला.

मार्चअखेर खोली रिकामी करायचीय. बाबांनी फक्त एक गोष्ट मागितलीय. पाडण्याआधी खोलीचा एक फोटो. अख्ख्या खोलीचा, आणि त्यात ते. चाळीस वर्षं त्या खोलीत गावभरच्या तोंडांचे फोटो निघाले, तिचा स्वतःचा एक नाही. ती कुठल्याच लेन्समध्ये कधी मावली नाही. मी मोबाइलवर काढून दाखवला. नाकाला लावून, मान तिरकी करून बघितला आणि म्हणाले, "हा फोटो नाही. ही चुगली आहे."

मान तिरकी, कारण बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. डॉक्टर म्हणतात कडेचं दिसत राहील. समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. आपल्या नातेवाइकांच्या बाबतीत हे वरदानच, असं मी म्हटलं. हसले. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हते; म्हणजे बघतच असणार.

तर प्रश्न असा. खोली चौदा फूट लांब, बारा रुंद. नव्वदची लेन्स घेऊ की पासष्टची? आकडा जेवढा लहान तेवढं ती पसरून बघते, एवढं मला कळतं. पुढचं तुला कळतं. एक ओळ लिही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. लेन्सशी बोल.

विंचू
(तू ठेवलेलं नाव अजून चालतं. ऑफिसातही.)


३० जानेवारी

दादा,

उत्तर नाही. चालायचंच. अकरा वर्षांची सवय अठरा दिवसांत मोडत नाही.

बाबांना घेऊन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी लोखंडी काढला, एका दांड्यावर पुढेमागे सरकणारा. "बाई, हा घ्या. तोफ आहे तोफ."

"मला लढाई करायची नाही. खोलीचा फोटो काढायचाय."

"वरखाली, आडवातिडवा, कसाही वळतो!"

बाबा म्हणाले, "माझी मुलगीपण तशीच आहे. दुसरं दाखवा."

मग त्यांनी मला दाखवलं, म्हणजे माझा हात धरून दांड्यावर फिरवला. रुंद लेन्सला भाता जवळजवळ मिटून ठेवावा लागतो. मग हा दांडा पुढे जिभेसारखा बाहेर येतो आणि स्वतःच फोटोत शिरतो. शिवाय मागे माणसाला उभं राहायला जागा हवी. चौदा फुटांतले तीन फूट माझ्या पाठीलाच लागणार. (ते "तुझ्या पाठीला" म्हणाले, आणि दुकानदाराने माझ्या पाठीकडे सहानुभूतीने बघितलं.)

शेवटी लाकडी मिळाला, पेटीसारखा मिटणारा. कडेचं पितळ काळं पडलंय, पण स्क्रू गुळगुळीत फिरतात. भात्याला कुठे भोक आहे का ते बघायला दुकानदाराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. भात्यात दिवा सोडला. दुकानदाराने बघितलं, काही नाही. मी बघितलं, काही नाही. बाबा भलतीकडेच, भिंतीकडे तोंड करून उभे. मला वाटलं, दमले. तर म्हणाले, "तिसऱ्या घडीत, खालच्या कोपऱ्याला. टाचणीएवढं." होतं. अंधुक उजेड कडेच्या नजरेलाच आधी कळतो म्हणे. दुकानदाराने घरून डिंक आणि काळं कापड आणून स्वतः ठिगळ लावून दिलं.

रस्त्यात बाबांनी माझा दंड धरला होता. म्हणाले, "त्याला सांग, लाकडी घेतला म्हणून. त्याने लोखंडीच घेतला असता."

सांगितलं. झालं.

लेन्स अजून ठरत नाहीये. दुकानदाराकडे दोन्ही आहेत. मी तुझी वाट बघतेय, असं त्याला सांगितलं नाही. "मोजमाप चाललंय" म्हटलं.


११ फेब्रुवारी

दादा,

नव्वदचं गणित मी ऑफिसच्या कागदावर मांडलं. नव्वद लावली तर समोरची भिंत पूर्ण येते, छत येतं, मधली खुर्ची येते. पण उजव्या हाताची, दिव्यांच्या बटणांची जागा येत नाही. आणि बाबांना बसायचंय नेमकं तिथे.

मी म्हटलं, "मधे बसा ना. खुर्ची आहे की."

"ती गिऱ्हाइकाची खुर्ची आहे."

"गिऱ्हाईक कुठेय आता?"

"मी चाळीस वर्षं बटणांपाशी उभा राहिलो. फोटो खोलीचा आहे ना? मग मी तिथेच असणार. आणि त्या खुर्चीत..."

पुढचं तुला आणि मला माहीत आहे. त्या खुर्चीत आई शेवटची बसली होती.

कुणीतरी मधेच उघडून वाचत असेल तर त्यालाही कळू दे. फिल्म एका चपट्या होल्डरमध्ये असते, त्याला एक सरकपट्टी असते. पट्टीची एक बाजू पांढरी, एक काळी. सगळ्या जगात पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो घेऊन झाला. आमच्या बाबांच्या स्टुडिओत उलटं. काळी म्हणजे फिल्म अजून अंधारात आहे, पांढरी म्हणजे तिने उजेड पाहिला. तू बाहेर काम शिकून आलास आणि जगाची पद्धत आणलीस. दोन महिने दोघं भांडलात. मग तह झाला: पट्टी ज्याला जशी हवी तशी, पण फोटो झालेल्या होल्डरला रबर लावायचं. रबर आहे म्हणजे हात लावायचा नाही. या घरात यापेक्षा पवित्र काही नव्हतं.

आईला धरून त्या खुर्चीत बसवलं. तिला चार मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं. तू एकच फिल्म घेतलीस, काळी बाजू बाहेर केलीस, रबर लावलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराचं कपाट आलं, त्याला त्याच्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता. बाबांनी तोच होल्डर घेतला. रबर नव्हतं. काळी बाजू बाहेर होती, म्हणजे त्यांच्या हिशेबाने कोरा. दोन दिवसांनी आई गेली. त्यानंतरच्या आठवड्यात तू फिल्म धुतलीस. आईच्या कपाळावर कपाटाचं हँडल होतं. तोंडाच्या जागी कप्पे.

तू बाबांना म्हणालास, "रबर तुम्ही काढलंत. तुमची पद्धत खरी करायला." बाबा काहीच बोलले नाहीत. तू मला विचारलंस. मी म्हटलं, मला काय माहीत. तू म्हणालास, "या घरात कुणी बघतच नाही." कॅमेरा उचललास.

हे सगळं आज का लिहितेय? पासष्ट घ्यायचं चाललंय म्हणून. पासष्टमध्ये बटणांची जागाही येते. बाबांना म्हटलं, कडेला बसलेला माणूस रुंद लेन्समध्ये ताणला जातो. म्हणाले, "मी वाळलोय. जरा ताणला गेलो तर बरा दिसेन."

पासष्टमध्ये काही खोट असेल तर कळव. लवकर कळव. छताच्या पत्र्यावर पालिकेचा माणूस आकडा रंगवून गेलाय, आणि बाबांची तब्येत त्या आकड्यासारखीच आहे. एकदा लिहिला की खोडत नाहीत.

विंचू


२७ फेब्रुवारी

दादा,

काल फोटो घेतला. पासष्टने. सकाळी दहाचा उजेड, वरच्या काचेतून. एकच घेतला. दोन होल्डर भरले होते, पण बाबा दमले.

सगळं व्यवस्थित झालं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारीण येऊन म्हणाली, "काका, नवरदेव दिसताय," तर म्हणाले, "नवरदेव मधे बसतो. मी वाजंत्र्यांत."

मधे ते एक वाक्य बोलले, ते सध्या लिहीत नाही. झालेल्या होल्डरला रबर लावलंय.


२२ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन मार्चला. मी ते दारातच उभं राहून वाचलं.

"पासष्ट घेऊ नकोस. तिच्या उजेडाचं वर्तुळ जेमतेम फिल्मपुरतं असतं, लेन्स जराही सरकवलीस तर कोपरा जाईल. नव्वद घे आणि बाबांना मधे बसव."

खाली तारीख वीस फेब्रुवारी. पोस्टाचा शिक्का अठ्ठावीसचा. आठ दिवस कार्ड तुझ्या खिशात होतं ना? मी तुला बोल लावत नाहीये. मी अकरा वर्षं खिशात ठेवलंय, तेही आज काढते. आधी सव्वीस तारखेची सकाळ सांगते.

तिपाईवर कॅमेरा चढवला. पाठ भिंतीला टेकली, तरी डोकं कापडात घालताना कोपर खरचटलं. बाबा बटणांपाशी स्टुलावर. दुधी काचेवर मधलं सगळं लख्ख, खुर्ची उलटी टांगलेली, भिंतीवरची ओल, पडद्याची कडी. कडेला सगळं अंधारं. बाबा अंधारात, तेही अर्धेच. म्हणून मी लेन्स त्यांच्या बाजूला सरकवली. थोडी उजवीकडे, थोडी खाली. आता ते पूर्ण आत आल्यासारखे वाटले. काळोखात काहीतरी पांढरं होतं, तो शर्ट असणार. रुंद लेन्सला कडा काळोख्याच दिसतात, असं दुकानदार म्हणाला होता. मला ते सोयीचं होतं.

बाबांनी तिथूनच विचारलं, "सरकवलीस का?"

"थोडी."

"मग कोपऱ्यातून बघ. काचेचे कोपरे कापलेले असतात ना, तिथे डोळा लाव. लेन्सचं भोक गोल दिसलं तर उजेड त्या कोपऱ्यापर्यंत पोचतोय. मिटत आलेल्या डोळ्यासारखं दिसलं तर तो कोपरा गेला. दिसतंय गोल?"

त्यांचा पाय थरथरत होता. स्टुलाला पाठ नाही. वीस मिनिटं बसले होते. कोपऱ्यातून बघायला मला कापडातून बाहेर येऊन, तिपाईच्या पायांत वाकून, मान पिळून डोळा लावायला हवा होता. आणखी पाच मिनिटं. आणि गोल नसलं तर सगळं पहिल्यापासून.

मी म्हटलं, "हो."

मी वाकलेसुद्धा नव्हते, दादा.

बाबा म्हणाले, "मागच्या वेळीही तू हो म्हणाली होतीस."

मी कापडाखालीच राहिले. तिथे अंधार असतो, बरं असतं.

"तिच्या वेणीला होतं ते," ते म्हणाले. "रबर. मी तेव्हाच बघितलं होतं. तेव्हा मला मधलंही दिसायचं." आणि लगेच, गिऱ्हाइकाला सांगतात त्या आवाजात, "हलायचं नाही. दाब."

मी शटर दाबलं.

तर ते असं होतं. मी आईला स्पंजने पुसत होते, केस तोंडावर येत होते. तिचे केस तेव्हा किती राहिले होते तुला आठवतं, बोटाएवढी वेणी. बांधायला काही हाताशी नव्हतं. टेबलावर होल्डर होता, त्याला रबर होतं. मी काढलं. नंतर दुसरं लावीन म्हटलं. दुसऱ्या सकाळी बाबांनी दारातून विचारलं, "हा कोरा आहे ना?" मी आईचं बेडपॅन घेऊन चालले होते. न बघता म्हटलं, हो.

तू बाबांवर ओरडलास तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, मला वाचवायला बघतायत की मी आता बोलेन म्हणून वाट बघतायत? इतकी वर्षं मी पहिलं धरून चालले. आता विचारायला ते नाहीत.

ते अकरा मार्चला गेले. मी हे आधी लिहायला हवं होतं. मधे लेन्स आली.

तुझं कार्ड आलं तेव्हा ते आतून म्हणाले, "त्याचं का?" अक्षर दिसत नाही, पण माझा श्वास ओळखतात. मी खरं वाचलं असतं तर फोटो गेला, हे त्यांना कळलं असतं. "बाबांना मधे बसव" एवढंच वाचता आलं असतं. पण मग ते म्हणाले असते, का? बटणांपाशी काय वाईट आहे? आणि त्यांना उत्तर माहीत असतं.

"काय म्हणतोय? येतोय का?"

मी म्हटलं, हो.

"मग फिल्म धुऊ नकोस. त्यालाच धुऊ दे. त्याचा हात चांगला आहे धुण्यात." हे त्यांनी तुझ्याबद्दल म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तू असताना ते कधी म्हणाले नाहीत. तुला ठाऊक आहे.

आठ दिवस ते पुढच्या खोलीत बसले, त्याच स्टुलावर, पाठीला मी उशी बांधून दिली होती. दाराकडे बघायचं म्हणून भिंतीकडे तोंड करून. सरळ दाराकडे बघितलं असतं तर तू आलेला दिसला नसतास. तू असतोस तिथे नेमकं भोक असतं. शेजारणीला वाटलं रुसलेत. तिने मला विचारलं, "काका भिंतीशी का बोलतात?" मी म्हटलं, "भिंत मधे मधे बोलत नाही."

नवव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर मान अजून भिंतीकडे होती.

फिल्म मी चौदा तारखेला धुतली. बाबांच्या ताटल्यांत, त्यांच्या घड्याळावर, त्यांनी सांगितलं असतं तेवढी मिनिटं. निगेटिव्ह सुंदर आहे. खरंच. इतकी धारदार की भिंतीवरच्या खिळ्याची सावली मोजता येईल. खुर्ची मधोमध. रिकामी. तिच्यावर वरच्या काचेचा उजेड असा पडलाय की तू आणि बाबा दोघं एकमेकांशी न भांडता म्हणाला असतात, बरोबर आहे.

उजव्या खालच्या कोपऱ्यात बाबांचा एक गुडघा आहे, आणि गुडघ्यावर हात. चार बोटं, नखांसकट. मनगटापाशी वर्तुळ संपतं. पुढे काही नाही. मला वाटलं होतं काळं असेल; पण निगेटिव्हमध्ये जिथे उजेड पोचलाच नाही तिथे फिल्म नितळ राहते. मी ती खिडकीशी धरली, तर बाबांच्या जागेतून मला समोरचं घर दिसलं, त्याच्या भिंतीवर पालिकेचा आकडा.

त्यांना आत घ्यायला लेन्स त्यांच्याकडे जितकी सरकवली, तितके ते बाहेर गेले. हे तुला एका ओळीत माहीत होतं. मला चार हो लागले. चौथा कुठला विचारशील. पंधरा तारखेला पालिकेचा माणूस सही घ्यायला आला. "खोली रिकामी झाली ना, बाई?" म्हणाला.

निगेटिव्ह सोबत पाठवतेय. पुठ्ठ्यात ठेवलीय, वर रबर लावलंय.

खोली एकतीस तारखेपर्यंत आहे. कॅमेरा तिपाईवर तसाच आहे, टॉवेल मी दुसरीकडे वाळत घालते. स्टूल बटणांपाशी आहे. दुसरा होल्डर टेबलावर आहे, त्याला रबर नाही. पट्टीची कुठलीही बाजू बाहेर असो, मी अंधाऱ्या खोलीत उघडून फिल्मच्या कडेवरून बोट फिरवलं, फिल्म आत आहे. तो कधी कॅमेऱ्यात गेलेला नाही. कोरा आहे.

हे बघून सांगतेय.